सोळाने भागा, पण डोकं ठेवून!

प्रोग्रॅमिंगचा नेहमीचा प्रश्न: दशमान संख्या हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर (० ते ९, मग १० ते १५ साठी ए ते एफ) लिहा. त्यात ठळक लिहिलेलं असतं, 'बिल्ट-इन (भाषेतलं तयार) फंक्शन वापरू नका', आणि उत्तरात काय? पायथन भाषेचं फॉरमॅट, म्हणजे तयार फंक्शनच! अरे, मग त्या तयार हेक्स फंक्शननेच काय घोडं मारलं होतं?

जे खरंच हाताने करतात, म्हणजे सोळाने भागत जाऊन दर वेळची बाकी अंक म्हणून घेतात, त्यांची तऱ्हा आणखी न्यारी. १० साठी इफ (वेगळी अट), ११ साठी इफ, १२ साठी इफ... ० ते एफ अशा सोळा अक्षरांची एक स्ट्रिंग (अक्षरांची माळ) घ्या, भागाकाराची बाकी हाच इंडेक्स, म्हणजे माळेतली जागा. संपलं! पण नाही, बाकीत सरसकट ४८, म्हणजे '०' चा आस्की (अक्षरांना क्रमांक देणारी यादी) कोड, मिळवायचे आणि १० च्या जागी कोलन उमटलं की डोळे विस्फारायचे. आस्कीत ९ चा कोड ५७, कॅपिटल ए चा ६५. मधली सात चिन्हं काय आपोआप गायब होणार?

अंक उलट्या क्रमाने मिळतात, हे तर कुणाच्या गावीच नाही. २५४ ला सोळाने भागा: बाकी १४, मग १५. उत्तर एफई. हे छापतात ईएफ, म्हणजे २३९! पायथनमध्ये भागाकाराला एकच तिरकी रेघ (/, म्हणजे दशांशात उत्तर) देऊन १५.८७५ आणतात, वर विचारतात इंडेक्स का चालेना.

शून्य दिलं? लूप (पुन्हा पुन्हा भागणारा कोड) फिरतच नाही, उत्तर रिकामं. ऋण संख्येचं तर विचारूच नका! पायथनमध्ये -१ ला दुहेरी रेघेने (//, म्हणजे पूर्णांकात उत्तर) भागलं की पुन्हा -१च, बाकी १५. शून्याची वाट बघणारा लूप एफएफएफएफ ओकत बसतो. सी भाषेत बाकीच -१, म्हणजे अ‍ॅरेबाहेर (अक्षरांच्या यादीबाहेर) उडी. अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेला) प्रकार घ्यायला काय पैसे पडतात? आणि ३२ बिटांच्या संख्येला हेक्समध्ये आठ अक्षरं, म्हणून उत्तर ठेवायचा बफरही आठचाच! स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा नल काय शेजारच्या व्हेरिएबलकडे मुक्कामाला जाणार?