साठ युरोची सायकल चोरून काय बंगला बांधणार आहेस रे?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट स्टेशनबाहेरच्या त्या रांगेत दोन-दोन हजार युरोच्या बॅटरीवाल्या सायकली उभ्या होत्या. चकचकीत, शोरूममधून कालच आणल्यासारख्या. आणि मेल्या, तुला उचलावीशी वाटली ती माझी? मडगार्डला गंज, सीटला चिकटपट्टी, पुढे तारेने बांधलेला भाजीचा प्लास्टिक क्रेट, आणि घंटी मनात आलं तर वाजणार. शिक्षण संपवून मायदेशी निघालेल्या एका मुलीकडून साठ युरोला घेतली होती. तिनेही ती कोणाकडून तरी जुनीच घेतलेली. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या हातची, म्हातारी सायकल. तीही ठेववली नाही तुला.

बरं, कुलूप लावलं नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. इथे पहिल्या दिवसापासून सगळे बजावतात, दोन कुलपं लाव, दोन कुलपं लाव. लावली! मागच्या चाकाचं गोल कुलूप होतंच, वर चाळीस युरोची जाड साखळी घेऊन फ्रेम स्टँडला बांधली. सायकल साठची आणि साखळी चाळीसची, कुठला हिशेब आहे हा? तर या महाशयांनी साखळी कापली आणि कापलेली साखळीसुद्धा घेऊन गेले. भंगारात घालायला असेल. मागचं चाक बंद म्हणजे सायकल ढकलता येत नाही, उचलूनच न्यायला हवी. त्यात ती लोखंडी डच सायकल, वीस किलोला थोडीच कमी. एवढी मेहनत कुठे नोकरीत केली असतीस तर पगार मिळाला असता, गाढवा.

पण चोरापेक्षाही जास्त डोकं फिरवलं ते लोकांनी. ऑफिसात सांगितलं तर सगळे खूश! "वा, आता तू खरा इथला झालास!" म्हणत एकाने पाठ थोपटली. दुसरा स्वतःच्या किती गेल्या ते मोजायला लागला, अगदी अभिमानाने. अरे, माझं नुकसान झालंय, मुंज नाही झालेली! सुमारे 1 कोटी 80 लाख माणसांच्या देशात 2 कोटी 30 लाखांच्या आसपास सायकली आहेत. सायकलींचे वेगळे रस्ते, वेगळे सिग्नल. उट्रेख्ट स्टेशनखाली 12,500 सायकली मावतील असं तळघर बांधलंय, बघायला जगभरातून माणसं येतात. 1953च्या पुरानंतर अख्ख्या समुद्राला बांध घालून गप्प बसवलं या लोकांनी. आणि सायकल चोरीला गेली की खांदे उडवायचे! म्हणे असंच असतं. का असंच असतं?

पोलिसांची तक्रार ऑनलाइन. रंग कोणता, फ्रेम नंबर काय, कुठे उभी होती, किती वाजता. सगळं भरलं, फोटो जोडले. मग अतिशय नम्र भाषेत उत्तर आलं: पुरेसा धागादोरा नाही, म्हणून तपास पुढे नेता येत नाही. स्टेशनसमोर कॅमेरे आहेत हो! पण साठ युरोसाठी कोण बघत बसतंय. विम्याचं तर नावच नको. या वयाच्या सायकलचा विमा कोण उतरवणार? नगरपालिकेने उचलली असेल अशी एक वेडी आशा होती, चुकीच्या जागी लावलेल्या सायकली ते उचलून नेतात. तिथल्या यादीतही नाही. कालव्यात शोधायचं तेवढं राहिलंय. ॲमस्टरडॅममध्ये म्हणे दरवर्षी 12 ते 15 हजार सायकली कालव्यातून उपसून काढतात. म्हणजे चोरायची, घरापर्यंत चालवायची आणि पाण्यात ढकलून द्यायची. विकून चार पैसे तरी कमव, नालायका!

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे रे, तुझ्यावरचं अरिष्ट सायकलवर गेलं." मागून बाबा ओरडले, "माझी हर्क्युलीस वीस वर्षं टिकली, रोज मंडईबाहेर लावायचो!" धन्यवाद बाबा, फार मदत झाली.

आता खरी मेख ऐका. परत साठची सायकल घ्यावी म्हटलं, तर इतकी स्वस्त बहुधा चोरीचीच असते. आणि इथला कायदा असा की किंमत संशय येण्याइतकी कमी असूनही तुम्ही घेतलीत, तर "कळायला हवं होतं" म्हणून गुन्हेगार तुम्ही. फ्रेम नंबर टाकून तपासायची सरकारी सोय आहे, पण ज्याच्या सायकलचा नंबर नोंदवलेलाच नाही त्याची चोरी तिथे दिसणार कशी? म्हणजे चोर मजेत फिरणार, त्याच्याकडून घेणारा फिरणार, आणि सरळमार्गी माणूस पावसात पायी. पाऊससुद्धा इथला आडवा येतो, छत्री उलटी करून जातो. नाहीतर मग ती निळ्या टायरची सायकल महिन्याच्या भाड्याने घ्या, म्हणजे चोरांच्या भीतीचा हप्ता दर महिन्याला भरत बसा.

शेवटी जुन्या सायकलींच्या दुकानात गेलो. सगळ्यात स्वस्त दीडशे युरो, कुलूप वेगळं. पावती देतो म्हणाला, हे त्यातल्या त्यात बरं. मी जरा बऱ्यापैकी दिसणाऱ्या एका हिरव्या सायकलला हात लावला, तर दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणतो, "इतकी चांगली नका घेऊ, जुनाट दिसणारी घ्या. जुनाट सायकल कोणी चोरत नाही."

कोणी चोरत नाही म्हणे! फोनमधला फोटो काढून त्याच्या नाकासमोर धरला. तर बघून म्हणतो, "अरेरे. पण मॉडेल चांगलं होतं."