चोंगछिंगला तळमजला नसतो

आमच्या घरच्या अर्थमंत्र्यांचं म्हणणं असं, की शांघाय-बीजिंगला सगळेच जातात, म्हणून तिथे सगळं महाग. त्यापेक्षा चोंगछिंगला जावं. यांगत्से आणि च्यालिंग या नद्यांच्या संगमावर, डोंगरउतारावर वसलेलं शहर. तसेच उंच टॉवर, तसाच झगमगाट, पण खर्च कमी. हिशोब बरोबर होता. फक्त त्यात पायऱ्या धरलेल्या नव्हत्या.

खोली रात्रीला १२० युआन, म्हणजे साधारण दीड हजार रुपये. खिडकीतून यांगत्से दिसते आणि मेट्रो जवळ आहे, असं जाहिरातीत होतं. लिफ्टबद्दल अवाक्षर नव्हतं. मी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, वीस-बावीस मजली इमारत आहे. लिफ्ट असते हे काय लिहायला लागतं?"

चोंगछिंगमध्ये लागतं. इथे बायशियांगज्यू नावाची एक प्रसिद्ध इमारत आहे. चोवीस मजले आणि एकही लिफ्ट नाही. इमारत कड्याला टेकून उभी असल्यामुळे तिचा पहिला, दहावा आणि पंधरावा मजला तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतो. कुठल्याही मजल्यावरचा माणूस कुठल्या ना कुठल्या रस्त्याच्या जवळच राहतो, मग लिफ्ट कशाला, असं बांधणाऱ्यांचं गणित. आमची इमारत म्हणजे तिचंच अप्रसिद्ध भावंड होतं.

विमानतळावरून मोनोरेलने अगदी किरकोळ पैशांत शहरात आलो, तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावर विजयाचं हसू होतं. स्टेशनाबाहेर पडून आम्ही चिनी नकाशाचं अॅप उघडलं, कारण गूगल तिथे चालत नाही. चालत चालत एका क्षणी आमचा ठिपका आणि घराची खूण बरोबर एकमेकांवर येऊन बसली. नकाशाच्या मते आम्ही पोहोचलो होतो. समोर एक गॅरेज होतं आणि घर आमच्या डोक्यावर आठ मजले होतं.

दोन बॅगा घेऊन आम्ही चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर नवरा म्हणाला, "व्यायाम होतोय." पाचव्यावर काही म्हणाला नाही. सातव्यावर तो एका परक्या माणसाच्या दारातल्या चपलांच्या कपाटावर बसला. घरमालकीण आली ती वरून, हातात भाजीची पिशवी घेऊन, कपाळावर घामाचा थेंब नाही. ती वरच्या रस्त्याने आली होती आणि फक्त एक मजला उतरली होती. आम्ही खालून आलोय हे कळल्यावर तिने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर माझ्या सासूबाईंकडेही आहे.

आता वरचा रस्ता कळला म्हणजे सुटलो, असं मलाही वाटलं होतं. पण स्वस्त मेट्रो खाली, घर मध्ये आणि बाकी शहर वर. दोन रस्त्यांमधली उंची जिन्यात चढा नाहीतर रस्त्याकडेच्या दगडी पायऱ्यांवर चढा, ती कोणाला चुकत नाही. टॅक्सीने वळसा घेतला तर चुकते, पण टॅक्सी हा शब्द आमच्या अंदाजपत्रकात नव्हता.

शिवाय हॉटेलात उतरलं तर परदेशी पाहुण्याची पोलिसांकडची नोंद हॉटेलवालेच करतात. घरगुती खोली घेतली की चोवीस तासांत ती आपण किंवा घरमालकाने करायची, आणि आमच्या बाबतीत चौकीत जाणं आमच्यावरच आलं. चौकी कुठे होती हे सांगायला नकोच. तिथला तरुण पोलीस अतिशय सभ्य होता. त्याने आम्हाला बसायला खुर्ची आणि प्यायला गरम पाणी दिलं. चीनमध्ये गरम पाणी सगळीकडे फुकट मिळतं, आणि नवऱ्याने या एका गोष्टीसाठी या देशाला पूर्ण गुण दिलेत. सोबत नेलेले इन्स्टंट पोहे आम्ही स्टेशनांवरसुद्धा भिजवून खाल्ले.

पैसे देण्याची पद्धतही त्याला मानवली. अलीपे या फोनवरून पैसे देण्याच्या चिनी अॅपवर आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. एका व्यवहारात २०० युआनपर्यंत शुल्क नाही, त्यावर गेलं की तीन टक्के. त्यामुळे खोलीचं भाडं तो रोज रात्री वेगळं भरायचा. घरमालकीण म्हणायची एकदम द्या, हा म्हणायचा उद्या देतो. आम्ही मध्यरात्री पळून जाणार, अशी तिची बहुधा खात्री पटली असावी. मध्यरात्री तेवढे जिने उतरून कोण पळतंय!

खाण्याच्या बाबतीत शहर हॉटपॉटसाठी, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या तांबड्या रश्शात जिन्नस शिजवून खाण्यासाठी, प्रसिद्ध, आणि तो रस्सा परंपरेने बीफच्या चरबीत करतात. मी मासे खाणारी मालवणची, तो मटण खाणारा साताऱ्याचा, पण तिथे आम्ही दोघंही थबकलो. शेवटी नुसत्या मशरूमच्या पांढऱ्या रश्शाचं भांडं मागवलं आणि शेजारच्या टेबलावरून आमच्याकडे सहानुभूतीने पाहिलं गेलं. सोबत बारीक चिरून सुक्या मिरचीवर आणि व्हिनेगरवर परतलेला बटाटा आला. त्यात तांबूस दाणे होते. वास घेतला आणि मला थेट बांगड्याचं तिखलं आठवलं. ते तिथलं मिरं, ह्वाचियाव, आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. तिरफळ चावायचं नसतं, ताटाच्या कडेला काढायचं असतं, हे कोकणात पोरासोरांना कळतं. साताऱ्यात कळत नाही. नवऱ्याने चार दाणे कचाकच चावले आणि त्यानंतर जवळजवळ अर्धा तास त्याची जीभ त्याच्या ताब्यात नव्हती. सहलीतला हा सर्वांत निवांत अर्धा तास.

प्रेक्षणीय स्थळं निवडण्याचा निकष एकच होता, तिकीट. लिझीबा स्टेशनात मेट्रो एका १९ मजली इमारतीच्या पोटात शिरते. ते खालून बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून आम्ही ते मनसोक्त पाहिलं. तिथे आ वासून उभं राहायचं आणि गाडी तोंडात शिरतेय असा फोटो काढायचा, अशी रीत आहे. आम्हीही काढला, त्यात गाडी नवऱ्याच्या कानात गेली आहे. होंगयातोंग या नदीकाठच्या कड्याला टेकलेल्या बहुमजली इमारतीचे दिवे समोरच्या पुलावरून फुकट दिसतात. यांगत्सेवरचा रोपवे १९८७ चा, लांबी ११६६ मीटर, एका बाजूचे २० युआन. बसने पूल ओलांडायला २. "नदी तीच ना?" असं म्हणून आम्ही बसने गेलो आणि डोक्यावरून जाणारा रोपवे मी मान वाकडी करून पाहिला.

पायऱ्यांवर मी बसकण मारली, की तो डॉ. कोटणीसांना मध्ये आणायचा. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला आले, ते येनानला जाण्याआधी याच शहरात थांबले होते. "त्यांनी कधी लिफ्ट मागितली का?"

"त्यांच्यासोबत आणखी चार डॉक्टर होते," मी म्हटलं. "माझ्यासोबत तू आहेस."

खरी परीक्षा ल्यांगलूखोउच्या सरकत्या जिन्यावर झाली. ११२ मीटर लांबीचा जिना, तिकीट २ युआन. शेजारून पायऱ्या, फुकट. दोघांचे ४ युआन, म्हणजे पन्नास रुपये. नवरा तिकिटाच्या खिडकीसमोर उभा राहून गुडघ्यावर हात फिरवत बराच वेळ विचार करत होता. मी माझं तिकीट काढलं आणि वर निघाले. अर्ध्यावर मागे वळून पाहिलं तर महाशय चार माणसं सोडून मागे उभे, कठडा घट्ट धरून, माझ्याशी ओळख नसल्यासारखे.

निघायच्या दिवशी बॅगा घेऊन खाली मेट्रोकडे उतरत होतो. दगडी पायऱ्यांवर दोन म्हातारे बसले होते, बांबूची काठी आणि दोरीचं वेटोळं घेऊन. हे इथले बांगबांग, काठीवर ओझं वाहून नेणारे हमाल. आता थोडेच उरलेत. त्यांतला एक उठून आला, बॅगांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. नवऱ्याने मान हलवली आणि एक पायरी उतरून गुडघा धरला. म्हाताऱ्याने बॅगांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पुन्हा बोलला. दुसरा म्हातारा खो खो हसायला लागला. मी भाषांतराचं अॅप पुढे केलं. पडद्यावर आलं : सामान वीस युआन. माणूस नेत नाही.