लाथ मारीन तिथं स्टार्ट करीन

किक मारून स्कूटर चालू करायची तर आधी बॅटरी नीट मेलेली हवी. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. धडधाकट बॅटरी सहजासहजी जीव सोडत नाही, तिच्या मागे काही महिने चिकाटीने लागावं लागतं.

सुरुवात अंतरापासून करा. गाडी रोज बटण दाबून, म्हणजे सेल मारून चालू करायची, पण इतकीच चालवायची की सेलला गेलेला करंट भरून निघायच्या आत इंजिन बंद झालं पाहिजे. कोपऱ्यापर्यंत जा, बंद करा, परत यायला पुन्हा सेल मारा. असं काही दिवस झालं की दोन-तीन आठवडे गाडीकडे ढुंकूनही बघू नका. बॅटरी नुसती उभी राहिली तरी आपली आपण उतरत जाते, आणि उतरलेली तशीच ठेवली की तिच्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. हा थर ताजा असेल तर चार्जिंग केल्यावर जातो; मुरला की मग चार्जरलाही दाद देत नाही. गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली पुन्हा पुन्हा भरता येणारी ही शिशाची बॅटरी बनवली. उतरवण्याची सोय त्याने करून ठेवलीच होती, भरण्याचं काम मात्र पुढच्या पिढ्यांवर विश्वासाने सोडलं. त्या पुढच्या पिढ्या म्हणजे आपण.

मरायला टेकलेली बॅटरी बिचारी सांगत असते. हॉर्नला घसा बसल्यासारखं होतं. इंडिकेटर आठवल्यावर लुकलुकतो. सेल मारला की इंजिन उठायच्या आधी कूस बदलतं. यातल्या कशानेही विचलित होऊ नका, आणि मल्टिमीटर लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. आकडा १२ वर आला की तिचे बारा वाजलेच म्हणून समजायचं. हे आदल्या रात्री कळलं तर सकाळच्या घाईतली सगळी रंगत जाईल.

आता ती सकाळ. तुम्ही घाईत आहात, किल्ली फिरवली, ब्रेक दाबला, बटण दाबलं. आवाज आला, 'कट्'.

हा 'कट्' स्टार्टरच्या रिलेचा, म्हणजे मोटरकडे वीज सोडणाऱ्या स्विचचा. रिले ओढायला चिमूटभर करंट पुरतो आणि तेवढा बॅटरीत आहे. मोटर फिरवायला त्याच्या कितीतरी पट लागतो आणि तेवढा नाही. विषय इथे संपला. पण तुम्ही संपवू नका, पुन्हा दाबा. मग जरा थांबून, गाडीला गाफील गाठून दाबा. अंगठ्याने झालं नाही तर दोन्ही अंगठ्यांनी दाबा. जोर वाढला की व्होल्टेज वाढतं अशी श्रद्धा असलेले आपण एकटे नाही. हेडलाइट लागत असेल तर तो चालूच राहू द्या, म्हणजे गाडीला प्रसंगाचं गांभीर्य कळतं.

एवढ्या वेळा दाबण्यामागे शास्त्रही आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच स्कूटरमध्ये प्लगच्या ठिणगीला लागणारी वीज इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटोच तयार करतो. अशा गाडीची बॅटरी काढून कपाटात ठेवली तरी ती किकने चालू होते. त्या गाड्यांपुढे आपलं काही चालत नाही. पण इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, दोघांनाही बॅटरीची वीज लागते. मोटर फिरवू न शकणाऱ्या बॅटरीतही या दोघांपुरती धुगधुगी अनेकदा उरलेली असते. किल्ली फिरवल्यावर पंपाचा तो बारीकसा 'झूंऽऽ' ऐकू येतो, तोच पुरावा. म्हणजे अशा वेळी बटण सोडून सरळ किक मारली तर गाडी चालू व्हायची बरीच शक्यता असते. हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. 'झूंऽऽ' थांबेपर्यंत बटण दाबत राहा. मग निश्चिंत मनाने किककडे वळा.

किक कुठे आहे? हा प्रश्न कुणासमोर मोठ्याने विचारू नका. बिनगिअरच्या बहुतेक स्कूटरना ती डावीकडे असते, मागच्या चाकाच्या पुढे, इंजिनाच्या झाकणाला चिकटून घडी घालून ठेवलेली. गाडी घेतली त्या दिवसापासून ती तशीच असेल तर घडी उलगडायला थोडा वेळ लागेल. चिखल, गंज, पूर्वजन्म असं सगळं तिच्या सांध्यात जमलेलं असतं. आणि हो, बाह्या वर करण्याआधी किक आहे ना एवढं पाहून घ्या. आताच्या अनेक गाड्यांना ती नसतेच. ज्यांना नाही त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल, बटणापर्यंतचा भाग त्यांच्यासाठीच होता.

एके काळी मोटारीसुद्धा पुढून हँडल घालून फिरवाव्या लागत. इंजिनाने उलटा झटका दिला की फिरवणाऱ्याचं मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरचा विजेवरचा स्टार्टर आला आणि माणसाचं मनगट सुटलं. नडगी मात्र दुचाकीवाल्यांची म्हणून तेवढी शिल्लक ठेवली गेली. ती वाया जाऊ नये म्हणून गाडी साइड स्टँडवर, थोडी कलती असतानाच किक मारा. मेन स्टँडवर घेतली तर मागचं चाक उचललेलं राहतं, गाडी ताठ उभी राहते, पूर्ण वजन किकवर टाकता येतं आणि घसरून पडायची संधी हातची जाते. काही गाड्यांत साइड स्टँड लावलेला असताना इंजिन चालूच होत नाही. तुमची गाडी त्यातली असेल तर सोन्याहून पिवळं, मग तुम्हाला दिवसभर कुणी हटवू शकत नाही. ब्रेक धरू नका. पायात सैल चप्पल हवी, म्हणजे पाचव्या किकेला ती एकटी पुढे निघून जाईल.

आता मुख्य कला. किक अर्धीच मारायची, पण चिडून आणि भराभर.

याच्या उलट वागणारे लोक मी पाहिले आहेत. ते किक आधी हळूच दाबतात, एका जागी ती जड लागते तिथे थांबतात, तिला वर येऊ देतात आणि मग एकदाच, तळापर्यंत, न अडखळता पाय नेतात. ती जड लागणारी जागा म्हणजे पिस्टन वर येऊन आतली हवा दाबत असतो ती. फोरस्ट्रोक इंजिनात असा दाब दोन फेऱ्यांतून एकदाच येतो. अर्ध्या किकेत पिस्टन पुष्कळदा त्या चढावरूनच मागे फिरतो, ठिणगीची वेळ येतच नाही. शिवाय मॅग्नेटोचा नियम फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवलेलाच आहे, चुंबक जितकं जोरात फिरेल तितकी वीज जास्त. हळू आणि अर्धवट फिरवलं की ठिणगीसुद्धा अर्धवट. म्हणजे तुम्ही चाळीस अर्ध्या किका मारल्या तर त्यांची बेरीज वीस पूर्ण किका होत नाही, शून्यच होते. गणिताला माणसाच्या घामाची काही कदर नसते.

गॅल्व्हानी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने मेलेल्या बेडकाच्या पायाला वीज मिळाली की तो झटका देतो हे पाहिलं आणि १७९१ साली ते छापलं. तुम्ही आज त्याच्या उलटा प्रयोग करताय, पायाने झटके देऊन वीज मिळते का बघताय. बेडकाने निदान तक्रार केली नव्हती.

किक मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला ठेवा. गाडी जुनी कार्ब्युरेटरची असेल, इंजिन गार असेल आणि चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका) ओढलेला असेल तर याचा विशेष फायदा: चोकमधून पेट्रोल ओढून घ्यायला जो खेच लागतो तो मोकळ्या ॲक्सिलरेटरने कमी होतो, आणि मग चोक ओढला काय न ओढला काय, सारखंच. थोड्या वेळाने धोरण बदला. ॲक्सिलरेटर सोडा, चोक मात्र ओढलेलाच ठेवून तीस-पस्तीस किका हाणा. पेट्रोलचा वास येऊ लागला की समजा गाडी ओव्हर झाली, प्लग भिजला. या टप्प्यावर चोक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून चार किका मारल्या तर जादाचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर जातं, किंवा नुसतं दहा मिनिटं गप्प बसलं तरी चालतं. पण गप्प बसणं आपल्या स्वभावात असतं तर बॅटरी तरी कशाला मेली असती?

तोवर माणसं जमलेली असतात. "किल्ली चालू आहे का?" हा पहिला प्रश्न. याचा राग येऊ देऊ नका. मी स्वतः एकदा वीस मिनिटं किका मारल्यावर हा प्रश्न ऐकला होता, आणि किल्ली माझ्या खिशात होती. अशा वेळी खिशात हात घालायचा नसतो. "प्लगच खराब दिसतोय" असं पुटपुटत गाडीभोवती एक चक्कर मारायची, सगळ्यांचं लक्ष मागच्या चाकाकडे वेधायचं आणि पुढे येऊन हळूच किल्ली लावून टाकायची. दुसरा प्रश्न "पेट्रोल आहे ना?" तिसरा गृहस्थ प्रश्न विचारत नाही, तो सीटमागचा दांडा धरून उभा असतो. "ढकलून बघू!"

ढकलू द्या. क्लच आणि गिअर हाताने टाकायच्या गाड्यांना दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारला की चाक इंजिनाला फिरवतं. तुमच्या बिनगिअरच्या गाडीत क्लच आपला आपण लागतो, तोही इंजिन वेगात फिरू लागलं की त्याचे बूट बाहेर फेकले जातात तेव्हा. इंजिन बंद तर क्लच सुटलेला, चाक आणि इंजिन यांची एकमेकांशी ओळखच नाही. अशी गाडी पार क्षितिजापर्यंत ढकलत नेली तरी आतल्या पिस्टनला पत्ता लागणार नाही. तिघांना धाप लागू द्या. धाप लागलेली माणसं कमी सल्ले देतात.

मग गर्दीतून एक सडपातळ पोरगा पुढे येतो. "काका, जरा सरका." तो चोक बंद करतो, गाडी मेन स्टँडवर घेतो, ब्रेक धरतो. पायाने किकची जड जागा चाचपतो, तिला वर येऊ देतो, आणि एकच किक. गाडी चालू!

त्याला काही विशेष येत होतं असं मानायचं कारण नाही. ढकलाढकलीत दहा मिनिटं गेली, तेवढ्यात प्लग सुकला, एवढंच. "मी मारून मारून ढिली केली होती," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा. गर्दी माना डोलावत पांगेल.

गाडी आता संथपणे फटफटत उभी आहे. नुसत्या आयडलवर बॅटरी फारशी भरत नाही, निदान अर्धा-पाऊण तास ती रस्त्यावर चालवायला हवी, वाटेत कुठेही बंद न करता. पोरगा जाताजाता हे सांगेलही. तुम्ही हसून मान हलवा. मग किल्ली फिरवून इंजिन बंद करा. सगळं इतकं छान जमून आल्यावर आता बटणाने होते का, ते बघायला नको?

कट्.

हाक मारा लवकर, तो अजून कोपऱ्यापर्यंत पोचला नसेल.