वाडा विकणे आहे : खाली दुकान, वर घोळ

आजोबांचा वाडा विकायला काढलाय ना? उत्तम. सोलापूरच्या गावठाणातला वाडा, तोही खालच्या दुकानासकट विकणं ही एक कला आहे. मागच्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणून वाडा बघायला गेलो, तेव्हा एका थोर घराण्याने मला ती फुकट शिकवली. आपल्या लोकांच्या उपयोगी पडावी म्हणून इथे देतो.

सुरुवात जाहिरातीपासून. ‘ऐतिहासिक वाडा, खाली चालू दुकान, नवी पेठ टच’ असं लिहा. टच म्हणजे नेमकं कुठे, असं विचारणाऱ्याला एजंटाच्या मोटारसायकलवर मागे बसवा आणि बोळाबोळांतून फिरवत राहा, पोहोचेपर्यंत प्रश्न विसरतो. फोटो फक्त नक्षीच्या लाकडी खांबाचा टाका आणि तोही जवळून. दोन पावलं मागे सरकलात तर शेजारच्या तुळईला दिलेला लोखंडी पाइपाचा टेकू दिसेल. त्या पाइपाला तारेने बांधलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडरही दिसेल.

ऐतिहासिक म्हटलं की इतिहास लागतो. वाडा किती जुना हे घरात कोणालाच ठाऊक नसेल तर ‘दोनशे वर्षं’ म्हणा, सगळे तेवढंच म्हणतात. मग आवाज जरा उतरवून 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी कायद्यावर या. आपल्याच माडीवर भूमिगत लपले होते, पोलीस दिंडी दरवाजातून आत आले आणि पणजीने त्यांना ताक पाजून वाटेला लावलं. ही पणजी मला बऱ्याच पेठांत भेटली. जितक्या माड्यांवर माणसं लपली म्हणतात तितकी खरंच लपली असती, तर मार्शल लॉ लावायला इंग्रज इथे टिकलेच नसते. त्याच मार्शल लॉच्या प्रकरणात धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 ला फाशी झाली. ही चार नावं विचारली की मात्र मालक एजंटाकडे बघतो आणि एजंट मोबाइलकडे. रोज या चौघांच्या पुतळ्यांसमोरून गाडी नेतात हो दोघं!

पाणी किती दिवसांनी येतं असं कोणी विचारलंच, तर उजनी धरण भरलंय म्हणा.

पार्किंग विचारलं तर सांगा, आजोबांची घोडी इथेच उभी राहायची.

माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छताला, ‘नैसर्गिक एसी’ म्हणा. हे एक मात्र खरं आहे, एप्रिलच्या उन्हात माळवदाखाली जो गारवा असतो तो स्लॅबच्या घराला सात जन्मांत यायचा नाही. पण माळवदाला पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी लागते, उगवलेलं गवत काढावं लागतं, पन्हाळी मोकळी करावी लागते. ही कामं बंद होऊन किती वर्षं झाली ते सांगू नका. गळतं म्हणून मध्येच कोणीतरी वर सिमेंटचा कोबा ओतलाय आणि त्या वजनाने कडीपाट, म्हणजे छताच्या लाकडी कड्या-फळ्या, पोटात आल्यात, हेही सांगू नका. गिऱ्हाईक वर बघायला लागलं की चहा मागवा.

आता कागदपत्रं. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर ‘नोंद फक्त बाकी आहे’ असं म्हणायचं. ‘फक्त’ ठासून म्हणा. चुलत्यांची मुलं पुण्यात आहेत, एक भाऊ हैदराबादेत, तो फोन उचलत नाही, पण सही करेल. बहिणी? ‘आक्का काही म्हणणार नाहीत, त्यांना साडीचोळी झालीय.’ वा! बापाच्या वाट्यात मुलगी 1956 पासून वारस आहे. 2005 च्या दुरुस्तीपासून तर वडिलोपार्जित मालमत्तेत ती जन्मापासून भावाच्या बरोबरीची आहे. सहाशे रुपयांच्या इरकलीवर हक्कसोडपत्र होत नसतं, मालक. आक्कांना कोणी विचारलंय का? नाही. विचारायचंच नाही, हीच तर कला.

आणि आता दुकान. दुकानात कोण बसतं हे इसार घेईपर्यंत सांगायचं नाही. ‘आपलाच माणूस आहे, म्हटलं की उठतो’ एवढंच म्हणा आणि गिऱ्हाइकाला मागच्या जिन्याने वर न्या, म्हणजे दुकानदाराशी गाठच पडणार नाही. माझी पडली. खाली अस्तर-बटणांचं दुकान आहे. मालक वर फोनवर बोलत होते तेवढ्यात मी उतरलो आणि डझनभर बटणं मागितली. दुकानदार म्हातारबाबांनी बटणं मोजली, कागदात बांधली आणि म्हणाले, ‘वाडा बघायला आलात नव्हं? बसा की.’ मग काउंटरखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत मनीऑर्डरीच्या पावत्या, वर्षावर्षाच्या गड्ड्या, रबर लावून. भाडं महिना 75 रुपये. थकबाकीदार ठरवून बाहेर काढता यावं म्हणून मालकांच्या वडिलांनी भाडं घ्यायचंच बंद केलं, तेव्हापासून हे मनीऑर्डर करतात. कोर्टात दावा चालू आहे. तारीख पुढच्या महिन्यात. ‘तुम्हाला सांगितलं नसंल,’ म्हणाले. न रागावता म्हणाले, हे विशेष.

म्हणजे ‘चालू दुकान’ म्हणून मला काय विकत होते? चालू दावा! 1999 चा भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. वाडा विकला म्हणून भाडेकरू उठत नाही, तो नव्या मालकाचा भाडेकरू होतो. भाडं वाढवायचं तर वर्षाला 4 टक्के. 75 वर 3 रुपये! आणि भाव मात्र रिकाम्या दुकानाचा सांगतात, वर ‘रेट तुम्ही बोला’ म्हणतात.

मी वर जाऊन हे बोललो तर मालकांनी मला कोपऱ्यात घेऊन खरी युक्ती सांगितली. तीही देऊन टाकतो. दुरुस्ती करायची नाही. दोन पावसाळ्यांत मागची भिंत बसते, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते, वाडा उतरवायला लागतो आणि ‘म्हातारा आपोआप जातो’.

त्या भिंतीच्या अलीकडे माणूस बसतो, अहो! सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत तिथेच बसतो तो. तुम्ही पावसाची वाट बघताय? आणि तुमच्या माहितीसाठी, पालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. म्हणजे वाडाही जाईल आणि दावाही राहील.

वाडा विकू नका असं मी म्हणत नाही. कोणाला झेपत नाही, कोणाला पैसे हवे असतात, विका खुशाल. पण आधी त्या म्हाताऱ्यासमोर बसा, काय द्यायचं ते ठरवा, लेखी करा. तो ऐकून घेणारा माणूस आहे, मी बघितलाय. आक्कांना फोन करा, हैदराबादच्या भावाकडे जाऊन या. प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नावं लावा. छतावर निदान एक ताडपत्री टाका, तेवढे पैसे आहेत तुमच्याकडे, दारात गाडी कुठली उभी होती ते मी पाहिलंय. हे होत नसेल तर जाहिरात काढून टाका आणि एजंटाला सांगा, माझा नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.