प्रतिक्रियेला उत्तर : आवाज, गंज आणि ते तीन मैल

‘दर्यावर्दी’ यांस सप्रेम नमस्कार.

मागच्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चहा घेऊन, आणि तिसऱ्यांदा त्यात काही बरोबर असेल तर ते नजरेतून निसटू नये म्हणून. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या २८ फुटी बोटीत मर्क्रूझरचे ५०२ मॅग्नम एमपीआय, म्हणजे ८.२ लिटरचे आणि ४१५ अश्वशक्तीचे, १९९९ सालचे इंजिन आहे. त्याचे बिडाचे मूळ मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारे आणि वाटेत त्यात थंड करणारे पाणी मिसळणारे भाग, उतरवून मी त्याच कामाचे स्टेनलेस स्टीलच्या सुट्या नळ्यांचे, दुहेरी भिंतींतून पाणी खेळणारे हेडर बसवले. त्याला साडेचार हजार डॉलर लागले आणि जीपीएसवरचा कमाल वेग ताशी ६४ मैलांवरून ६७ वर गेला, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की कॅम, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, मूळचाच असलेल्या इंजिनात एक्झॉस्टचे, म्हणजे जळक्या वायूच्या वाटेतले, पाणी सिलिंडरपर्यंत उलटे चढण्याची भीती अनाठायी आहे. सातव्या सिलिंडरच्या स्पार्क प्लगवरचा गंज गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पाणी अडवणारी पट्टी, गळल्याचा पुरावा आहे, उलट्या पाण्याचा नव्हे. मी त्याच आठवड्यात प्रोपेलरही बदलल्यामुळे ते तीन मैल कोणाच्या खात्यावर मांडायचे हे ठरवता येत नाही. आवाजाचा कायदा आणि कार्बन मोनॉक्साइड यांविषयी मी चकार शब्द काढलेला नाही. आणि सर्वांत शेवटी, ‘कानाला मोठे लागले म्हणजे इंजिन जोरात चालले, असा हा सगळा हौशी प्रकार आहे.’

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणे मला भाग आहे, कारण बाकीचे मुद्दे इंजिनाबद्दल आहेत आणि हे वाक्य माझ्याबद्दल आहे.

हौस हा शब्द मुळात वाईट नाही. हौस नसती तर कोणीही माणूस आठवडाभर नोकरी करून शनिवारी सकाळी इंजिनाच्या खोलीत पोटावर झोपून बोटांची सालटी काढून घेणार नाही. परंतु आपण तो शब्द ज्या जागी आणि ज्या चालीने ठेवला आहे, तिथे त्याचा अर्थ ‘अडाणी’ एवढाच होतो, आणि तो मला मान्य नाही. माझे वडील हर्णै बंदरात मच्छीमारांच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करीत. एखादा तांडेल तक्रार घेऊन आला की ते आधी इंजिनाला हात लावीत नसत. इंजिन सुरू करायला सांगून ते किनाऱ्यावर उभे राहत, एक्झॉस्टचा ठोका ऐकत, धुराचा रंग बघत आणि मग सांगत की तिसऱ्या सिलिंडरचे इंधनाचे नोझल थेंब टाकते आहे. दहापैकी नऊ वेळा ते नोझल खरेच थेंब टाकत असे. पुढे मी स्वतः अकरा वर्षे मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, जिथे रात्रीच्या पाळीत एखाद्या पंपाचा सूर बदलला तर गेजचा काटा हलण्याच्या आधी माणसाचा कान टवकारतो. तेव्हा कानाला लागणे ही आपल्या मते थट्टेची गोष्ट असेल. आमच्या घरात ती भाकरीची गोष्ट होती.

शिवाय आपण ज्याला ‘मोठे’ म्हणता ते नुसते मोठे नाही, ते वेगळे आहे, आणि ते वेगळे का आहे याचे कारण फायरिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे सिलिंडर पेटण्याच्या क्रमात, आहे. इथे एक चूक कबूल करतो : लेखात मी हा क्रम १-८-४-३-६-५-२-७ असा छापला होता, तो १-८-४-३-६-५-७-२ असा हवा. आपण ती चूक दाखवलीत, आभारी आहे, टंकताना शेवटचे दोन आकडे उलटे पडले. लेखात आता दुरुस्ती केली आहे. ती बोटांची चूक होती, समजुतीची नव्हे, हे मात्र नमूद करतो, कारण माझे सगळे म्हणणे याच शेवटच्या आकड्यांवर उभे आहे.

या इंजिनाचे आठ सिलिंडर दोन रांगांत आहेत : १, ३, ५, ७ हे डाव्या रांगेत आणि २, ४, ६, ८ हे उजव्या रांगेत असतात. क्रम नीट पाहिला तर दिसते की उजवीकडे ८ आणि ४ लागोपाठ पेटतात, पण त्यांच्यामध्ये निदान ६ उभा आहे. डावीकडे मात्र ५ आणि ७ लागोपाठ पेटतात आणि ते एकमेकांच्या शेजारीही आहेत. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, अवघा ९० अंश फिरतो तोवर, म्हणजे पाचव्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून चांगला उघडा असताना, सातव्याचा झोत त्याच अरुंद बिडाच्या बोगद्यात घुसतो. चाळीच्या जिन्यात दोन बिऱ्हाडांचे सामान एकाच वेळी उतरू लागावे, तशी तिथे अवस्था होते. पाचवा सिलिंडर आपला जळका वायू पुरता बाहेर टाकू शकत नाही, जेवढा आत राहतो तेवढी ताज्या मिश्रणाची जागा जाते, आणि कानाला तो ठोका लंगडा ऐकू येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला काही अंतरापर्यंत स्वतःची नळी मिळते, मग त्या रांगेच्या चारही नळ्या एकत्र येतात. झोतांमधली ती मारामारी पुष्कळ निवळते. मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या वर जो सलग, ताणलेला सूर लागतो तो यामुळे लागतो. त्याला हौस म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मी त्याला इंजिनाने मोकळा श्वास घेणे म्हणतो.

आता गंजाकडे वळतो. जुना रायझर सोडवला तेव्हा गॅस्केटच्या कडेने आतल्या बाजूला करंगळीएवढा रुंद, तपकिरी, ओलसर ओघळ होता आणि स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावताच कोळंबीच्या सालीसारखे पापुद्रे हातात आले. सातव्या सिलिंडरचा प्लग काढला तर त्याच्या आट्यांच्या शेवटच्या दोन फेऱ्यांवर तोच रंग होता. गॅस्केट गळत होते हे मी कधीच नाकारलेले नाही. आपण म्हणता की ते सारे गॅस्केटमुळेच झाले. असेलही. परंतु इंजिन निष्क्रिय, म्हणजे सर्वांत मंद, गतीत असताना एक्झॉस्टचा झोत सलग वाहत नाही, तो ठोक्याठोक्याने जातो; प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर पोकळी होते, आणि मिश्रण आत घेणारा आणि जळका वायू बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असण्याची वेळ त्याच क्षणी आली तर पाणी आणि वायू जिथे एकत्र येतात तिथले तुषार मागे खेचले जातात. ज्या कॅममध्ये ही वेळ लांब असते तिथे हा धोका मोठा, मूळच्या कॅममध्ये तो लहान, हे आपले विधान पुस्तकात बरोबर आहे. माझा कॅम मूळचाच आहे असे मी लेखात लिहिले ते आधीच्या मालकाच्या शब्दावर. त्याने माझ्यापासून काहीच लपवले नसेल, असे आपण इतक्या दूर बसून छातीठोकपणे कसे सांगता, हे मला कळलेले नाही. नव्या हेडरमध्ये पाणी नळीच्या अगदी शेवटी, कोरडा भाग चांगला लांब ठेवून सोडलेले आहे. सावधगिरीला आपला विरोध असेल तर माझा नाही.

‘सातशे डॉलरचा बिडाचा नवा जोड चालला असता,’ असे आपण सहज लिहून गेलात. तळ्याच्या पाण्यात नक्की चालला असता. मी मात्र उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचहून कॅटालिना बेटापर्यंत वीस-बावीस मैल खाऱ्या पाण्यातून जातो, आणि इंजिन थेट समुद्राच्या पाण्याने थंड होत असेल तर बीड तिथे पाच-सहा वर्षांपलीकडे भरवशाचे राहत नाही, मग गोड्या पाण्याने कितीही धुवा. स्टेनलेसही अमर नाही. त्याच्या वेल्डिंगला तडे जातात, आणि मी दर हंगामाच्या शेवटी त्यात कॅमेरा घालून बघतो. हे लेखात होते. आपण ते वाचलेत की नाही, याबद्दल मला शंका येऊ लागली आहे.

प्रोपेलरचा मुद्दा आपण फार रंगवला आहे. वेग अश्वशक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ६४ वरून ६७ वर जायला शक्ती साधारण साडेनऊ टक्के, म्हणजे ४० अश्वशक्ती वाढायला हवी, आणि निव्वळ हेडरने या इंजिनात तेवढी मिळणे कठीण, असे आपले गणित आहे. गणित चुकलेले नाही, मलाही ते येते. पण बोटीचे वजनही उतरले आहे हे आपण धरलेले नाही : जुना जोड आणि नवा जोड मी घरच्या वजनकाट्यावर चढवून पाहिला, फरक ऐंशी-नव्वद पौंडांचा निघाला, आणि पाचेक हजार पौंडांच्या बोटीत त्याचाही थोडा हिशेब होतो. उरलेले काही प्रोपेलरचे असेल, काही त्या दिवशीच्या हवेचे. एकेक सुटा भाग बदलून प्रत्येक वेळी मोजणी करायला माझ्याकडे प्रयोगशाळा नाही, एक शनिवार असतो. वाचकांना हे समजते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आवाजाच्या कायद्याचे म्हणाल तर कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९९३ पासूनच्या इंजिनांना, बोट जागेवर उभी असताना, ८८ डेसिबलची मर्यादा आहे, त्याआधीच्यांना ९०. माझ्या नळ्यांच्या टोकांना सायलेन्सर आहेत आणि मला आजवर कोणी अडवलेले नाही. कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न गंभीर आहे हे मान्य. लेक हवासू या ॲरिझोनाच्या हद्दीवरच्या तळ्यावर, लंडनहून आणून उभारलेल्या लंडन ब्रिजखालच्या अरुंद कालव्यात सुट्टीच्या दिवशी शेकडो बोटी संथ गतीने रांगेत असतात आणि या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत सरकारी तज्ज्ञांना तिथल्या हवेत हा वायू चिंता वाटावी इतका आढळला होता. परंतु तो गर्दीचा प्रश्न आहे, हेडरचा नव्हे. जळक्या वायूतले विषारी घटक कमी करणारा उत्प्रेरक बसवलेल्या २०१० नंतरच्या नव्या इंजिनांना कोणी हा उद्योग करू नये, तिथे तो बेकायदा आहे, एवढे मात्र मी लेखात लिहायला हवे होते.

आपण शेवटी सुचवले आहे की जुना प्रोपेलर पुन्हा लावून, नव्या हेडरसह, एकदा वेग मोजावा म्हणजे वाद मिटेल. सूचना सोपी आहे, कारण खर्च तुमचा नाही. तो प्रोपेलर गॅरेजमध्ये कपाटामागे पडला आहे. मार्चमध्ये हवासूच्या एका खडकाला लागून त्याच्या एका पात्याची कड चांगली बोटभर वाकली, आणि हेडर येईपर्यंतचे सगळे दिवस, ६४ मैलांची ती मोजणी धरून, मी तो तसाच चालवून घेतला. आता तो सरळ करायला दुकानदार दीडशे डॉलर मागतो. निव्वळ तुमच्या समाधानासाठी मी ते घालणार नाही.