उतरायची सोय

गुहागरात एका सकाळी मी एकाच दुकानासमोरून सायकलवर तीनदा गेलो. पहिल्या फेरीला दुकानदाराने ओळखीची मान हलवली. दुसऱ्या फेरीला त्याने डाळीची पुडी बांधता बांधता हात थांबवला. तिसऱ्या फेरीला तो फळी उचलून थेट रस्त्यावर आला.

"काका, हवंय काय तुम्हाला?"

"अर्धा लिटर दूध!" मी पुढे जाता जाता ओरडलो.

"मग थांबा की!"

आता त्याला काय सांगणार? थांबता येत असतं तर पहिल्याच फेरीला थांबलो नसतो का?

पोहणं आणि सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही म्हणतात. खरं आहे. छत्तीस वर्षांनी हँडल धरलं आणि तोल पहिल्या झटक्यात सापडला. पण असं म्हणणारे फक्त चालवण्याबद्दल बोलतात, चढण्या-उतरण्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आमच्या वेळची चढायची रीत अशी: डावा पाय पेडलवर, उजव्याने जमिनीला तीन-चार रेटे, आणि सायकलने वेग धरला की उजवी टांग मागून, कॅरियरवरून, झोकात फिरवून पलीकडे. उतरताना हेच उलटं. पुण्यात कॉलेजात असताना मी हे एका हातात वह्या धरून, शीळ घालत करत असे. आता बासष्टाव्या वर्षी माझी टांग कॅरियरपर्यंत जाते, तिथे जरा विचार करते आणि परत येते.

हे सगळं ओढवलं भाच्यामुळे. त्याने एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचं आतून घर केलं. पलंग, वीतभर ओटा, उभ्याने आंघोळ करण्याइतकी न्हाणी, छपरावर सौर पॅनेल. २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून या मुलाला दुसरा विषय नाही. "मामा, निवृत्त झालात ना? पंधरा दिवस कोकणात घेऊन जा. मागे दोन सायकली बांधून देतो."

"सायकली कशाला?"

"कळेल," तो म्हणाला.

कळलं. चाकांवरच्या घराची गंमत अशी, की कोथिंबिरीची जुडी आणायची तर घर घेऊन जावं लागतं. गॅसचा कॉक बंद करा, कपाटांना खिट्ट्या घाला, चहाचे कप टॉवेलात गुंडाळा, पायरी आत घ्या. मग ते नऊ फूट उंचीचं धूड आळीत घाला. दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे, वरून नारळाच्या झापा टेकलेल्या, मध्ये विजेची तार. या वाटा बैलगाडीच्या मापाने झाल्यात, आणि बैलही अंगाने बेताचे असणार. पहिल्याच दिवशी समोरून एक रिक्षा आली तेव्हा आमचं घर अर्धा किलोमीटर उलटं गेलं. ही मागच्या खिडकीतून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होती. चार घरची माणसं पडवीत येऊन उभी राहिली होती. शेवटी एका आजींनी समुद्राकडच्या त्यांच्या मोकळ्या जागेत गाडी लावू दिली. तिथून हलायचं नाही असं ठरलं, आणि सायकली खाली उतरल्या.

खरं तर आधी मुरूडला उतरवायच्या होत्या. दापोलीकडचं मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. हे कर्वे लहानपणी परीक्षेसाठी तिथून डोंगर तुडवत साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे ते वयाने फारच लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. मी ही गोष्ट सांगून म्हटलं, अशा गावातून सायकलला सुरुवात केली पाहिजे. ही म्हणाली, "करा की. तुम्हाला काही कोणी लहान म्हणून परत पाठवणार नाही." त्यावर मी तिला आठवण करून दिली की कर्व्यांना भारतरत्न मिळालं ते १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. म्हणजे माझ्या हाताशी अजून अडतीस वर्षं आहेत. पण त्या दिवशी ऊन फार होतं. सायकली तशाच बांधलेल्या ठेवून आम्ही दाभोळला फेरीबोटीवर गाडी चढवली, वाशिष्ठीची खाडी ओलांडली आणि धोपाव्याला उतरलो. बोटीवर मी एका मोटारसायकलवाल्या पोराला आम्ही सायकलवर कोकण करतोय असं सांगितलं. सायकली दिसत होत्या, त्याने विश्वास ठेवला.

सायकली दोन. एक माझी: आडवा दांडा, जाड टायर, एकवीस गियर. दुसरी हिची, म्हणजे आमच्या भाषेत लेडीज सायकल. दांडा नाही, पुढे वेताची टोपली. हिने आयुष्यात सायकल शेवटची आठवीत चालवली होती. ती आली, साडीचा पदर खोचला, दांडा नसलेल्या जागेतून पाय पलीकडे टाकला आणि गेली. दहा मिनिटांनी दूध, आलं आणि ओला नारळ टोपलीत घालून परत आली. उतरताना नुसती थांबली आणि उभी राहिली. मला हे फार लागलं.

भाच्याने माझं सीट शास्त्रोक्त उंचीला लावलं होतं. पेडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, नाहीतर गुडघे जातात, असं तो म्हणाला. ते बरोबरच आहे. मी सीट खाली करून पाहिलं तेव्हा गुडघे हनुवटीला भेटायला येऊ लागले आणि संध्याकाळी दोन्ही कुरकुरले. पण शास्त्रोक्त उंचीवर बसलं की जमिनीला पोचतात फक्त अंगठे, तेही चप्पल काढली तर. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइसने पहिली दुचाकी काढली तिला पेडलच नव्हती. माणूस वर बसायचा आणि दोन्ही पायांनी जमीन रेटत पुढे जायचा. पाय कायम जमिनीवर. पुढे लोकांना कशाची घाई झाली होती देव जाणे.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच उरला, की चढायला-उतरायला काहीतरी उंचवटा हवा. चढणं जमलं. आजींच्या अंगणातला पाटा-वरवंट्याचा जुना दगड होता, त्यावर उभं राहून मी निघायचो. पण दगड काही बरोबर येत नाही. गाव मी नव्या नजरेने पाहू लागलो. लोक गुहागरात पोफळीच्या बागा पाहतात, व्याडेश्वराचं देऊळ पाहतात. मी मोऱ्यांचे कठडे पाहत होतो. किलोमीटरचा दगड: उंची उत्तम, पण डोकं गोल, पाय घसरतो. गडगा: छान, पण आत कुत्रा असतो. एसटीच्या थांब्याची पायरी: सर्वोत्तम, फक्त तिथे आधीपासून चार माणसं बसलेली असतात आणि ती उठत नाहीत. खालचा पाट या आळीपासून वरचा पाट या आळीपर्यंत दूध, भाजी आणि टपाल या तिन्ही कामांसाठी कुठे उतरायचं याचा नकाशा चार दिवसांत माझ्या डोक्यात तयार झाला. दुधाच्या दुकानाजवळ मात्र काहीच नव्हतं. म्हणून त्या तीन फेऱ्या.

चौथ्या फेरीला दैव पावलं, समोर एक एसटी उभी होती. मी मागच्या शिडीला हात घातला, एका बाजूला कललो, उजवा पाय उचलणार इतक्यात कंडक्टरने डबल बेल दिली. गाडी हलली, आणि तिच्यामागे मीही. घाबरून माझ्या अंगठ्याने सायकलची घंटी वाजवली. एकदाच. आता कोकणात लहान पोरालाही ठाऊक आहे की दोन घंटा म्हणजे चला आणि एक म्हणजे थांबा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. कंडक्टर मागच्या खिडकीतून डोकावला.

"काय ओ?"

"उतरायचंय," मी म्हटलं.

"चढलात कधी?"

गाडीभर माणसं हसली. पण सांगायची गोष्ट, मी उतरलो.

गियरांचं प्रकरण निराळं. पुढे तीन, मागे सात. एकवीस हा आकडा पाहून मला वाटलं, गणपतीचाच कौल आहे. एकवीस दूर्वा, एकवीस मोदक, एकवीस गियर. हेदवीला दशभुज गणेश आहे, तिकडे सायकलने जाऊ असं मी जाहीर केलं. किनाऱ्या-किनाऱ्याने रस्ता, समुद्रसपाटी, काय अवघड आहे?

समुद्रसपाटी या शब्दावर माझा राग आहे. कोकणात समुद्र सपाट आहे, बाकी काही नाही. गाव खाली माडांत, गाव संपलं की घाटी, घाटी चढली की सडा. सड्यावर कातळ आणि वाळकं गवत, सावली म्हणून नाही. तिथे जरा सपाटी मिळाली असं वाटतं तोच रस्ता पुढच्या खाडीकडे कोसळतो. खाडी ओलांडली की पुन्हा घाटी. कोकणाची किनारपट्टी ७२० किलोमीटरची असं आम्ही शाळेत पाठ केलं, पण ते आडवं माप झालं. उभं कोणी मोजत नाही. पहिल्या घाटीला मी गियर बदलायला लागलो. एका हाताने पुढचे, दुसऱ्याने मागचे, शिवाय ब्रेक, शिवाय घाम पुसायला, शिवाय मागून ट्रक आला तर त्याला जा म्हणायला. दशभुज मूर्तीमागचा विचार मला तिथे कळला. निम्म्या चढावर चेन पडली, सायकल जागच्या जागी थांबली आणि मी शेजारच्या करवंदीच्या जाळीत उतरलो. हेदवीला दुसऱ्या दिवशी घरासकट गेलो.

बसण्याच्या भागाचं काय झालं ते लिहीत नाही. दोन दिवस मी जेवण ओट्यापाशी उभ्याने केलं एवढं पुरे. आजींनी काही न विचारता खोबरेलाची वाटी आणून दिली.

आजींनीच पुळणीवर चालवा म्हणून सुचवलं. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट असते की डांबरी रस्ता मागे पडावा. फक्त पाण्याची वेळ साधायची. "त्याला घड्याळ कशाला?" आजी म्हणाल्या. "तिथीला पाऊणने गुणायचं. आज अष्टमी ना? आठ पाऊणे सहा." पुढेही त्या काहीतरी म्हणाल्या. पण मी बँकेत तेहेतीस वर्षं काढलेला माणूस, आकडा मिळाला की ऐकणं संपतं. संध्याकाळी बरोबर सहाला सायकल घेऊन पुळणीवर हजर. तर समुद्र दाराशी आलेला. सहा ही भरतीची वेळ होती. त्यातून अष्टमीचा भांग, म्हणजे पाणी ना धड चढणार ना धड उतरणार. चालवायला उरला तो सुरूंच्या बाजूचा कोरड्या, भुसभुशीत वाळूचा पट्टा. आलोच आहे तर म्हणून निघालो. दहा फुटांवर पुढचं चाक रुतलं, सायकल हळूहळू, अगदी सावकाश कलली आणि मी वाळूवर आडवा झालो. काही लागलं नाही. पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं, की इतक्या दिवसांत इतक्या सहज मी प्रथमच उतरलोय.

पौर्णिमेचं गणित मग नीट मांडलं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, ती भरती. सहा तास मागे गेलं की सव्वापाच, ती ओहोटी, आणि उधाणाचे दिवस म्हणजे पाणी लांब गेलेलं. पहाटे पाचला उठलो. माझी सायकल सुरूच्या झाडाला टेकलेली होती, हिची त्याच्या अलीकडे. अंधारात जी हाताला लागली ती घेतली, असं मी नंतर सांगितलं. चांदणं लख्ख होतं हे सांगितलं नाही.

दांडा नसलेल्या जागेतून पाय टाकला आणि निघालो. सीट फार खाली होतं, गुडघे वर येत होते, पण कोण पाहतंय? चंद्र पश्चिमेला समुद्रावर उतरलेला. वाळू आरशासारखी, तिच्यात दुसरा चंद्र माझ्याबरोबर पळत होता. डोंगराकडून मतलई वारा येत होता, भूगोलाच्या पुस्तकातला, थंडगार. लहान खेकडे चाकापुढून बिळात पळत होते. मी एकदा थांबलो. मग पुन्हा निघून पुन्हा थांबलो. मग काहीही कारण नसताना अकरा वेळा थांबलो. शेवटी तर शीळही घातली.

"काका, आज थांबलात?"

दूधवाला दुकानदार. कानटोपी, हातात काठी, फिरायला आलेला.

"हो, म्हटलं जरा..."

त्याने सायकलकडे पाहिलं. टोपलीकडे पाहिलं. "काकूंची ना?"

"हवा बघत होतो."

"चाकातली की समुद्रावरची?"

मी उत्तर दिलं नाही. तो चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, "दूध ठेवतो काढून. याच सायकलने या."

परत आलो तेव्हा ही गाडीच्या पायरीवर चहा घेत बसली होती. टोपलीतली वाळू तिने पाहिली, चाकांची पाहिली, माझ्या लेंग्याची पाहिली. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाला जायला बाहेर पडलो, तर तिच्या सायकलचं सीट तीन बोटं वर केलेलं होतं.