जुनी सेडान पांढरा हत्ती नाही

‘चार-पाच लाखांत जुनी सिटी, सियाझ किंवा वर्ना घेणारा माणूस फसतोच’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. या तिन्ही सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या लांब गाड्या. मला तो मेसेज चार ग्रुपवर आला. त्यात सहा कारणं आहेत: पार्ट महाग, ॲव्हरेज नाही, आपल्या रस्त्यांवर गाडी खाली घासते, मीटर मागे फिरवलेलं असतं, पंधरा वर्षं झाली की भंगारात द्यावी लागते, आणि पुढे विकायला काढली तर कोणी विचारत नाही. शेवटी सल्ला: त्यापेक्षा कर्ज काढून नवी छोटी गाडी घ्या.

माझ्या आतेभावाने हा मेसेज वाचून ठरलेला व्यवहार मोडला. गाडी २०१६ ची सियाझ, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगचं सगळं रेकॉर्ड हातात. घरात आई-वडील आणि दोन मुलं, सगळ्यांना नीट बसता यावं म्हणूनच तो सेडान बघत होता. आता दारात नवी छोटी गाडी आहे, सात वर्षांचा हप्ता आहे, आणि गावी निघताना निम्म्या बॅगा आत्याच्या पायाशी असतात. मी स्वतः पाच वर्षं २०१५ ची पेट्रोल सिटी चालवतोय. ६२ हजार किलोमीटरला घेतली, आज १ लाख १८ हजारांवर आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो. जिथे मेसेज बरोबर आहे तिथे तसंही सांगतो.

‘पार्ट महाग, पोसणं परवडत नाही.’ कुठल्या सेडानचे पार्ट, हे मेसेज सांगतच नाही, आणि सगळा फरक तिथेच पडतो. सिटीचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन असो की सियाझचं १.४, दोन्ही साधी इंजिनं. टर्बो नाही, टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा मोठा खर्चही नाही. पाच वर्षांत माझ्या गाडीला क्लच सेट, पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश, चार टायर आणि एक बॅटरी लागली. मजुरी धरून ७५ हजारांच्या आसपास. वर्षाच्या सर्व्हिसिंगचे सात-आठ हजार वेगळे. बंपर, हेडलाइट छोट्या गाडीपेक्षा महाग पडतात, हे मान्य. ज्या गाडीत ड्राय क्लचचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स (दोन क्लचने आपोआप गिअर बदलणारा) आहे आणि वॉरंटी संपली आहे, तिच्याबद्दल मेसेज अगदी खरा आहे: त्या एका गिअरबॉक्सचं बिल लाखाच्या वर जाऊ शकतं. फिएस्टा किंवा लिनिआ घेताना पार्ट कुठे मिळतील हे आधी विचारून ठेवा, कारण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि फियाटच्या गाड्याही बंद झाल्या. पण या दोन-चार गाड्यांचा दोष सरसकट सगळ्या सेडानच्या माथी मारला, तिथे चूक झाली.

‘ॲव्हरेज नाही.’ हिशोब करून बघू. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा. नवी छोटी गाडी १८ देते, माझी सिटी गाव-हायवे मिळून साडेतेरा. म्हणजे एकीला ५५६ लिटर, दुसरीला ७४१. फरक १८५ लिटर; १०५ रुपये भाव धरला तर वर्षाला साडेएकोणीस हजार, महिन्याला सोळाशे. आता दुसरी बाजू. विमा कंपन्या गाडीची किंमत ज्या तक्त्याने उतरवतात, त्यात तिसऱ्या वर्षी ३० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट धरलेली असते. सात लाखांच्या गाडीचे पाच वर्षांत साडेतीन लाख गेले, म्हणजे वर्षाला ७० हजार. बाजारात याहून बरा भाव मिळतो, तरी कर्जाचं व्याज मिळवलं की पेट्रोलची ती बचत कुठल्या कुठे राहते. मात्र एक गोष्ट मेसेजवाल्याने सांगायला हवी होती आणि ती राहिली: जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजदर नव्यापेक्षा जास्त लागतो. बहुतेक रक्कम रोख असेल तरच हा हिशोब जमतो.

इथे इथेनॉलचंही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज होता. मला फरक जाणवलाय. दर सर्व्हिसिंगला मी इंधनाचे रबरी पाइप आणि त्यांचे जोड तपासून घेतो. जुनी छोटी गाडी घेतलीत तरी हे चुकत नाही, त्यामुळे हा सेडानचा दोष नव्हे.

‘खाली घासते.’ चौथ्या पिढीच्या सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर, सियाझचा १७०, आणि स्विफ्टचा १६३. मग सेडानच का घासते? पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस जास्त, म्हणून. स्विफ्टचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर, सिटीचा २,६००, सियाझचा २,६५०. गतिरोधक पोटाखाली आला की लांब गाडीचं पोट आधी टेकतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलाय. तसा असेल तर पाच माणसं बसलेली सिटीही सहज जाते. आपल्या गावात डांबराचा जो उभा बांध घातलेला असतो, तिथे मी गाडी तिरकी घेतो. पाच वर्षांत दोनदा घासली, दोन्ही वेळा मागे तिघं आणि डिकी भरलेली. रोजचा रस्ता कच्चा असेल तर सेडान घेऊ नका, हे मीही सांगेन.

‘मीटर मागे फिरवलेलं असतं.’ फिरवतात, आणि ते पकडताही येतं. गाडीचा नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलात तर प्रत्येक भेटीचं किलोमीटर त्यांच्या रेकॉर्डला असतं. मालकाला बरोबर न्या. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. टायरवर चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. चाळीस हजार चाललेल्या गाडीवर टायरचा तिसरा जोड असेल तर विचारा का ते.

पण मला मीटरपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते. सिटी घेण्याआधी मी साताऱ्याजवळ एका एजंटकडे एक वर्ना बघायला गेलो होतो. ४१ हजार किलोमीटर, आतून चकाचक, भाव बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. बरोबर आमचे गॅरेजवाले मिस्त्री होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, “दादा, ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा.” रोज आपण सीटबेल्ट निम्माच ओढतो. शेवटची वीतभर पट्टी बाहेर आली ती चहाच्या रंगाची, कडक झालेली, आणि बोटांना बारीक पिवळसर गाळ लागला. मग त्यांनी सीट पुढे सरकवून रूळाचे बोल्ट दाखवले, गंजून लाल झालेले. डिकीत स्टेपनी उचलली, तर खालच्या खोलगट भागात तोच गाळ कोपऱ्यात वाळून बसलेला. गाडी पुरात उभी होती. मीटर कदाचित अगदी खरं असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. धुऊन-पुसून त्यातल्या काही दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी सहा-आठ महिन्यांनी आपला गुण दाखवतं. तेव्हा मेसेज पुढे पाठवण्यापेक्षा पट्टा पूर्ण ओढून बघायची ही एक गोष्ट लोकांना सांगा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

‘पंधरा वर्षांनी भंगारात.’ महाराष्ट्रातल्या खासगी गाडीला हे लागू नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल, ही बंदी राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून दिल्ली आणि राजधानी क्षेत्रासाठी आली. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी बंद झाली ती १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची. मेसेजमध्ये या दोन्हींची सरमिसळ झालीय. आपल्याकडे १५ वर्षांनंतर गाडी आरटीओत दाखवायची, फिटनेस तपासणी करायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घ्यायची. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं, तेवढा खर्च धरून ठेवा. दिल्लीच्या पाटीची सेडान इथे स्वस्तात दिसते ती बहुतेकदा त्या बंदीच्या धास्तीने. तिला तिथली एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. ही बेरीज केल्याशिवाय मोहात पडू नका.

‘विकायला गेलात तर कोणी विचारत नाही.’ लोक एसयूव्हीकडे वळलेत हे खरं. रॅपिड, व्हेंटो, यारिस बंद झाल्या, २०२५ मध्ये सियाझही. म्हणूनच तर ही गाडी आपल्याला या भावात मिळते. मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते.

सहा मुद्दे झाले. ज्यात माणसं खरोखर अडकतात ते कागद मात्र मेसेजमध्ये कुठेच नाहीत. गाडी विकली, पैसे मिळाले, चावी दिली, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव जुनंच, असे व्यवहार आपल्याकडे सर्रास होतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. विकणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावं. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं: थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. नो क्लेम बोनस तर माणसाचा असतो, गाडीचा नाही. विकणारा तो आपल्याबरोबर घेऊन जातो आणि फरकाचे पैसे तुम्हाला भरावे लागतात. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असेल तर ते काढण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आधी मागा. बाकी चलनं परिवहनच्या ॲपवर बघा. २००८ ते २०१३ च्या दरम्यानची सिटी असेल तर चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका. ताकाता कंपनीच्या सदोष एअरबॅग बदलायला गाड्या परत बोलावल्या (रिकॉल) त्यात यातल्या पुष्कळ होत्या आणि बदल मोफत होता.

माझी सिटी ज्या काकांची होती ते निवृत्त शिक्षक. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. आरसी माझ्या नावावर होईपर्यंत मी ठरलेल्या रकमेतले ४० हजार मागे ठेवायचं म्हटलं, तेव्हा ते न रागावता म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, माझ्याही डोक्यावरची जबाबदारी उतरू दे.” साडेतीन आठवड्यांनी माझ्या नावाची आरसी पोस्टाने घरी आली. मी तिचा फोटो त्यांना पाठवला आणि त्याच संध्याकाळी उरलेले पैसे त्यांच्या खात्यावर टाकले.